गॅस संपत नाही, गळतो
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, रोज पेण-रोहा ये-जा करून धाटावच्या कारखान्यात तुम्ही चिलर सांभाळलेत. गच्चीवरच्या हीट पंपाबद्दल पाच मिनिटं बोला." बोलतो, पण आधी एक कबुली. मागच्या दोन वर्षांत त्या पंपात तीनदा गॅस भरला. तिन्ही बिलांवर सही माझी आहे.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. फ्रीज आतली उष्णता काढून स्वयंपाकघरात सोडतो. आपला पंप गच्चीवरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. म्हणून विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. हे ओझं वाहणारा हमाल म्हणजे गॅस. आपल्या पंपात आर-134ए आहे. कॉइलमध्ये त्याची वाफ होताना तो उष्णता उचलतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आणि पाण्याजवळ पुन्हा द्रव होताना तो ती उतरवतो. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर तो गळालाच आहे.

पण मशीन 'लो प्रेशर'वर बंद पडलं म्हणजे गॅसच कमी, असंही नाही. प्रेशर म्हणजे ताप. रोग वेगवेगळे असतात. कॉइलवर मुंबई-गोवा हायवेची धूळ, गणपतीच्या कारखान्यांची पांढरी भुकटी बसली, पंखा अडकला, की गॅसला उष्णता मिळत नाही आणि प्रेशर पडतं. फिल्टर ड्रायर तुंबला तरी तेच. ड्रायरच्या दोन्ही टोकांना हात लावावा. पुढचं टोक गार लागलं तर आत अडथळा आहे.

'हाय प्रेशर'चं उलट. 60 अंशांवर द्रव व्हायला या गॅसला सुमारे 230 पीएसआय दाब लागतोच. त्यात पाणी फिरवणारी मोटर मंदावली, बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसला, किंवा कुणी अंदाजाने जास्त गॅस भरला, तर दाब आणखी चढतो आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं.

चौथ्यांदा मशीन बंद पडलं तेव्हा मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर गेला. म्हणजे रंगकामाचा फंड गेला! त्या रात्री झोप आली नाही. सकाळी टॉर्च आणि साबणाचं पाणी घेऊन गच्चीवर गेलो. एका क्लॅम्पखाली पाइप तेलकट, त्यावर धूळ चिकटलेली. गॅस गळतो तेव्हा तेल घेऊन बाहेर येतो. फेस लावला, तर मोहरीएवढे बुडबुडे! क्लॅम्पचं रबर झिजून पाइप थरथरत घासत होता. कंपनीत पोरांना मी हेच शिकवत होतो. घरी मात्र "असेल" म्हणून सही करत राहिलो.

मग दुसऱ्या माणसाकडून काम रीतसर झालं. उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढला, पाइप ब्रेझ केला, नायट्रोजनचा दाब देऊन तपासला, व्हॅक्यूम केला आणि नेमप्लेटवर लिहिला आहे तेवढा गॅस काट्यावर मोजून भरला. दाब द्यायला ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. कॉम्प्रेसर जुनाच आहे आणि व्यवस्थित चालतोय.

घरच्या एसीलाही हेच लागू. "गॅस भरावा लागेल" असं ऐकलं की तीन प्रश्न विचारा: गळती कुठे सापडली? ती बुजवून दाबाने तपासली का? किती ग्रॅम भरला? बऱ्याच नव्या एसींत आर-32 असतो. तो पेट घेऊ शकतो, म्हणून गॅस आत असताना पाइपला ज्योत लावू देऊ नका. पाइप स्वतः कुणीही उघडू नये. कॉइल मात्र बाहेरून साफ ठेवा.

शेवटचं. दोन्ही गेजचे आकडे आणि पाण्याचं तापमान लिहायला मी एक वही मीटर रूममध्ये टांगली आहे. दर रविवारी लिहितो. आकडे हळूहळू उतरू लागले की गळती आधीच कळते. पण माझे गुडघे आता गच्चीपर्यंत साथ देत नाहीत. सी विंगमधल्या मुलांनो, येत्या रविवारी सकाळी एकाने तरी माझ्याबरोबर वर या. वही तुमच्या हातात द्यायची आहे.