काफीच्या कानाने जॅझ



जॅझ ऐकायला बसलेला आपल्याकडचा माणूस चाल शोधत असतो. ती पहिल्या दीड मिनिटात वाजून जाते, आणि पुढे ही मंडळी काय करताहेत ते कळेनासं होतं. पण मुखडा मांडल्यावर गवई काय करतो हे ज्याला कळतं, त्याने एवढं बिचकायचं कारण नाही.

आज एकच रचना घेऊ: माइल्स डेव्हिसची ‘सो व्हॉट’. १९५९च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेली, ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधली पहिली. पियानो आणि बास आधी थोडे रेंगाळतात. मग पॉल चेंबर्स बासवर मुखडा धरतो, पियानो त्याला दोन ठोक्यांत उत्तर देतो, आणि पुढच्या फेरीला ट्रम्पेट-सॅक्सोफोनही त्या उत्तरात सामील होतात. स्वर ऐका: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. तिकडे याला डोरियन म्हणतात. आपल्याला तो काफी थाट म्हणून ठाऊक आहे.

आता मोजा. चार मात्रांचा एक बार. सोळा बार हा काफी चालतो. सतराव्याला सगळे अर्धा स्वर वर सरकतात. थाट तोच, षड्ज नवा. आठ बार तिथे काढून परत खाली, आणखी आठ बार, आणि आवर्तन पुरं. एकूण १२८ मात्रा. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे खटकणारच, आपला षड्ज मैफलभर हलत नाही. मला विचाराल तर ते खटकणंच कामाचं आहे. तेवढं पकडलं की आपण कुठे आहोत ते चुकत नाही.

मग वादक. ट्रम्पेटवर माइल्स दोन आवर्तनं घेतो. सूर थोडे, मोकळी जागा फार. कोल्ट्रेनही दोनच घेतो, पण टेनर सॅक्सोफोनवर तो जागा म्हणून सोडत नाही. कॅननबॉल अ‍ॅडर्ली आल्टो सॅक्सोफोनवर त्याच चौकटीत खट्याळपणा करतो. शेवटी बिल इव्हान्सचा पियानो, एकच आवर्तन. एका वेळी एकाच्याच मागे जा. आणि एकदा फक्त बास ऐका. (घरचे वैतागतील, हेडफोन लावा.)

कोल्ट्रेनने हाच साचा पुढे ‘इम्प्रेशन्स’ या आपल्या रचनेसाठी घेतला. १९६१ साली व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात त्याने ती वाजवली, त्याचं ध्वनिमुद्रण मिळतं. तिथे लय इतकी चढी आहे की बार मोजणं सोडूनच द्यावं लागतं. षड्ज सरकल्याचं कानालाच कळावं लागतं.