मुलांचा संगणक : खेळ, कला आणि काटकसर

(सोसायटीच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीनंतर काय, शिष्यवृत्त्या कोणत्या, या विषयांवर या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकले आहे. मी आज बोलणार आहे ते एका साध्या, घरगुती प्रश्नावर. शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे पालक मला नेहमी विचारतात, "सर, मुलगा गेमिंगचा संगणक मागतो. म्हणतो, त्यावर ॲनिमेशनही शिकेन. द्यावा का? आणि द्यायचाच तर काय पाहून घ्यावा?"

मी अभियंता नाही. बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक आहे. परंतु हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. कुणी वर्षभर रिक्षा चालवून, कुणी शिलाई करून, कुणी आखातातून पाठवून साठवलेल्या पैशाचा हा प्रश्न आहे, आणि त्याचबरोबर एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या उमेदीचाही आहे. म्हणून तो नीट समजून घेणे आपले कर्तव्य आहे.

प्रथम 'गेमिंग' या शब्दाची भीती थोडी बाजूला ठेवू या. खेळ आणि रेंडरिंग ही दोन्ही कामे मुळात चित्र काढण्याचीच आहेत. खेळ चालू असताना पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे यावीत अशी अपेक्षा असते, म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चित्र झालेच पाहिजे, मग ते थोडे कच्चे राहिले तरी चालते. रेंडरिंगमध्ये घाई नसते, पण चित्र पक्के हवे असते. प्रकाश कुठून येतो, सावली कशी पडते, पाण्यात काय दिसते, याचा हिशेब करून यंत्र एकेक चित्र तयार करते.

आता आपण गणित मांडू. एका मिनिटाच्या चित्रफितीत, सेकंदाला २४ प्रमाणे, १,४४० चित्रे येतात. एका चित्राला एक मिनिट लागले तर बरोबर २४ तास झाले. पाच मिनिटे लागली तर पाच दिवस! आणि पाचव्या दिवशी एखादी चूक दिसली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिकणाऱ्या मुलाचा धीर सुटतो तो इथे. योग्य भाग निवडल्याने हा वेळ वाचतो. नुसता झगमगाट असलेला संगणक घेऊन तो वाचत नाही.

ही कला शिकण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागते असा एक गैरसमज आहे. 'ब्लेंडर' हे सॉफ्टवेअर संपूर्ण मोफत आहे. २००२ साली नेदरलँड्समधील टॉन रूसेंडाल यांनी लोकांकडून एक लाख युरो जमवून ते सर्वांसाठी खुले केले. लॅटव्हियासारख्या लहानशा देशातील दिग्दर्शकाने याच ब्लेंडरवर बनवलेल्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तेव्हा अवजार विकत घ्यावे लागत नाही, फक्त ते चालवणारे यंत्र लागते.

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. पहिली, एकूण रक्कम किती, आणि तीत मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस धरले आहेत की नाहीत. दुसरी, काम कोणते : फक्त अभ्यास, खेळ, की रेंडरिंग. तिसरी, आज काय घ्यायचे आणि दोन वर्षांनी काय वाढवायचे. ज्याच्या हातात हा कागद नसतो, त्याचा संगणक दुकानदार ठरवतो.

आता एकेक भाग पाहू.

ग्राफिक्स कार्ड हा या यंत्राचा मुख्य कारागीर. ब्लेंडरमधील 'सायकल्स' ही रेंडरिंगची पद्धत प्रोसेसरवरही चालते, पण चांगल्या कार्डावर ती कितीतरी वेगाने चालते. कार्ड पाहताना त्याच्या वेगाबरोबर त्याची स्वतःची मेमरी पाहा. संपूर्ण दृश्य, म्हणजे घर, झाडे, माणसे, त्यांवरील रंग-पोत, या मेमरीत मावावे लागते. मावले नाही तर काम रखडते किंवा बंद पडते. एन्व्हिडियाचे २०२१ साली आलेले आरटीएक्स ३०६० हे कार्ड १२ जीबी मेमरीचे आहे, तर २०२३ साली आलेले आरटीएक्स ४०६० अधिक वेगवान व कमी वीज खाणारे, पण ८ जीबीचे आहे. खेळ प्रधान असेल तर दुसरे बरे, मोठी दृश्ये रंगवायची असतील तर पहिले बरे. मात्र सावध राहा : ३०६० याच नावाने पुढे ८ जीबीचे कार्डही बाजारात आले. नाव एकच असले तरी पोट वेगळे असते. एएमडी व इंटेलच्या कार्डांवरही ब्लेंडर चालते, आणि केवळ खेळासाठी एएमडीचे कार्ड पुष्कळदा त्याच पैशात सरस ठरते. परंतु सायकल्ससाठी एन्व्हिडियाची बाजू आजवर वरचढ राहिली आहे.

प्रोसेसरच्या बाबतीत नावाला भुलू नका. "आय सेव्हन आहे साहेब" एवढे ऐकून पालक मान डोलावतात. पण कोणत्या सालचा? २०१३ सालच्या आय७-४७७० मध्ये चार कोअर होते, आणि २०२२ सालच्या आय५-१२४०० मध्ये सहा आहेत. नवा धाकटा जुन्या थोरल्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे. शिवाय तो जुना विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही बसत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. इंटेलच्या क्रमांकापुढे 'एफ' हे अक्षर असेल तर त्यात चित्र दाखवण्याची अंगची सोय नसते आणि वेगळे कार्ड घ्यावेच लागते. एएमडीचा रायझेन ५ ५६०० हाही सहा कोअरचा, काटकसरीच्या यंत्राला शोभणारा प्रोसेसर आहे. सुरुवातीस कार्डापुरते पैसे नसतील तर रायझेन ५ ५६००जी घ्यावा. त्यात चित्राची सोय अंगचीच आहे. त्यावर हलके खेळ खेळता येतात, ब्लेंडर शिकता येते आणि कार्ड पुढच्या वर्षी बसवता येते.

मदरबोर्ड म्हणजे घराचा पाया. प्रोसेसर आणि बोर्ड यांचे सॉकेट जुळले पाहिजे. रायझेन मालिका २०१७ साली एएम४ सॉकेटवर आली आणि २०२२ सालचा ५६०० हाही त्याच सॉकेटवर बसतो. जुन्या बोर्डाचे बायोस तेवढे अद्ययावत करावे लागते. २०२२ सालच्या एएम५ सॉकेटला नवी डीडीआर५ मेमरीच लागते. तो मार्ग महाग आहे, पण पुढे वाढवण्यास वाव देतो. दोन्ही मार्ग योग्य आहेत, मात्र एकाचा प्रोसेसर आणि दुसऱ्याचा बोर्ड कधी जुळत नाही.

रॅम खेळासाठी १६ जीबी पुरते, रेंडरिंगला ३२ बरी. एकच कांडी घेण्याऐवजी सारख्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन वाटांनी माहिती जाते आणि वेग वाढतो. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव फार भडकले. अशा वेळी चार खाचांचा बोर्ड घेऊन आठ-आठच्या दोन कांड्या बसवाव्यात आणि दोन खाचा मोकळ्या ठेवाव्यात.

साठवणुकीसाठी एसएसडीच घ्यावी. जुनी सॅटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते. एनव्हीएमई प्रकारची याच्या कित्येक पट वेगाने वाचते. ५०० जीबीने सुरुवात करता येते.

आता ज्या भागाकडे सर्वात कमी लक्ष जाते तो भाग : एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा करणारी पेटी. कॅबिनेटबरोबर फुकट मिळते म्हणून हलकी पेटी घेतली जाते, आणि ती जळताना कधी कधी शेजारच्या महागड्या भागांनाही घेऊन जाते. आरटीएक्स ३०६० पूर्ण भारावर १७० वॉट घेते आणि त्यासाठी ५५० वॉटची पेटी सुचवलेली आहे. '८० प्लस' प्रमाणपत्र पाहून नामांकित कंपनीची पेटी घ्यावी. आपल्याकडे वीज लपंडाव खेळते, म्हणून यूपीएसही हवा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस अशा यंत्राच्या पूर्ण भाराला काठावर येतो, १ केव्हीएचा निर्धास्त. विजेचा हिशेबही मुलांना शिकवा : यंत्र ३०० वॉटने २४ तास चालले तर ७.२ युनिट होतात. एक मिनिटाच्या चित्रफितीची ही किंमत घरच्या बिलात येते.

पैशांची वाटणी कशी करावी? आपले वडीलधारे रुपयाचे सोळा आणे मोजत. तसेच मोजू. ग्राफिक्स कार्डाला सहा आणे, प्रोसेसरला तीन, मदरबोर्डाला दोन, रॅमला दोन, आणि एसएसडी, एसएमपीएस व कॅबिनेट यांना प्रत्येकी एक. बाजार बदलेल तसा एखादा आणा इकडचा तिकडे होईल. पण रंगीबेरंगी दिव्यांच्या कॅबिनेटला तीन आणे आणि एसएमपीएसला अर्धा आणा, अशी वाटणी दिसली की समजावे, आपली फसगत होत आहे.

जुने भाग घ्यावेत का? घ्यावेत, पण डोळसपणे. २०२१ च्या सुमारास आभासी चलन काढण्यासाठी हजारो कार्डे रात्रंदिवस राबवली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत सोडली आणि अशी कार्डे बाजारात उतरली. जुने कार्ड समोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एसएमपीएस मात्र जुनी कधीच घेऊ नये. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या मालासाठी प्रसिद्ध आहे. तिथे जा, चार दुकाने फिरा, पण प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल घ्या. बिलाशिवाय वाचवलेले हजार रुपये वॉरंटीच्या वेळी दसपट महाग पडतात.

पालकांना दोन गोष्टी सांगतो. संगणक व्याजाच्या हप्त्यांवर घेऊ नका. ५६००जीसारख्या साध्या यंत्रावर मुलाने सहा महिने सातत्याने काम केलेले दाखवले, तर कार्ड त्याने कमावले असे समजा. दुसरे, संगणक 'मुलाचा' नसतो, घराचा असतो. तो बैठकीच्या खोलीत ठेवा आणि त्यावर बहिणीचेही तास ठरवा. चित्रकलेच्या परीक्षांत आमच्या मुली पुढे असतात, मग संगणक आला की त्या मागच्या बाकावर का? घरी बसून करता येईल अशा कामांत हे काम मोडते, हेही लक्षात घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, खेळा, जरूर खेळा. पण खेळता खेळता एकदा थांबून पाहा, ती भिंत कुणी उभारली, ते पाणी कुणी रंगवले. तुमच्यासारख्याच कुणीतरी. अब्बांकडे संगणक मागताना हातात तो कागद असू द्या, हिशेब मांडलेला असू द्या. हिशेब मांडणाऱ्या मुलाला 'नाही' म्हणणे कोणत्याही बापाला जड जाते.

शेवटी सोसायटीपुढे एक नम्र सूचना ठेवतो. ज्यांच्या घरी एवढी रक्कम कधीच जमणार नाही, अशी मुलेही आमच्या वर्गात आहेत. आपल्या वाचनालयात असे एक, फक्त एकच यंत्र ठेवावे. मुलांनी घरच्या किंवा शाळेच्या साध्या संगणकावर काम करावे, पेन ड्राइव्हवर आणावे आणि रात्री यंत्रावर लावून जावे. बारा तासांच्या रात्रीत, मिनिटाला एक चित्र धरले, तरी ७२० चित्रे होतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. पाळी लावली तर वर्षभरात कितीतरी मुलांचे काम उभे राहील. एका घराला जे जड, ते समाजाला जड नाही. या सूचनेचा विचार व्हावा अशी विनंती करतो.