फुकटचे खेळ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लबहाऊसमध्ये झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून लिहिले आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन'. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार? पण ठेवींचे व्याजदर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज बोलणार आहे ते फेसबुक, व्हॉट्सॲपवरच्या खेळांबद्दल आणि प्रश्नमंजूषांबद्दल. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. माझा विषय साधे, निरुपद्रवी दिसणारे, फुकटचे खेळ. उपदेश करायला उभा नाही. मी स्वतः दोन वर्षं त्यात बुडालो होतो, त्याचा हिशेब द्यायला उभा आहे.

मी 2010 साली निवृत्त झालो. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता काय करायचं हे कळेना. मुलानं फेसबुकवर खातं उघडून दिलं. तेव्हा फार्मव्हिल या शेतीच्या खेळाचा जमाना होता. झिंगा कंपनीनं तो जून 2009 मध्ये आणला आणि वर्षभराच्या आत महिन्याला आठ कोटी माणसं तो खेळू लागली. मी खेळायचो तो त्याच जातीचा, दुसऱ्या कुणाचा तरी. त्याचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती.

या खेळांत गंमत अशी की जिंकणं-हरणं नसतं. नांगरायचं, पेरायचं आणि थांबायचं. फार्मव्हिलमध्ये स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची, दुसऱ्या पिकांना जास्त वेळ. वेळेवर काढलं नाही तर पीक सुकून जायचं. आता बघा, बँकेत मी लोकांना भेटीची वेळ द्यायचो. इथं खेळ मला वेळ देत होता, आणि मी मुकाट्यानं हजर व्हायचो. रात्री तीनचा गजर लावलेला असायचा. गजर झाला की आमची सौ. दचकून उठायची. तिला वाटायचं, गावाकडून फोन आलाय.

गावाकडचा फोन आला तो मात्र भर दुपारी. 2011 चा ऑक्टोबर. आमची थोडी जमीन कोरेगाव तालुक्यात आहे, ती थोरले बंधू अण्णा बघायचे. म्हणाले, "सोयाबीन काढायला आलंय, माणसं मिळंनात. तू चार दिवस ये. काम करू नकोस, नुसता बांधावर बस. मी माणसं बघायला गेलो की इथं कुणीतरी पायजे." मी म्हटलं, "बघतो." त्याच आठवड्यात माझ्या खेळात दिवाळीची खास आरास लागली होती. मुदतीत पूर्ण केली तर एक पांढरा घोडा मिळणार होता. मी अण्णांना फोन करून सांगितलं, गुडघा धरलाय, प्रवास झेपणार नाही.

चौथ्या दिवशी परतीचा पाऊस आला. सोयाबीन काढून ढीग घातलेला होता. ताडपत्री होती, पण दुसरं टोक धरायला माणूस नव्हता. वहिनींनी आणि अण्णांनी ओढायचा प्रयत्न केला, तोवर व्हायचं ते झालं. नऊ पोती काळी पडली आणि व्यापाऱ्यानं मागेल त्या भावानं उचलली. अण्णांनी फोनवर मलाच विचारलं, "गुडघा कसा हाय?"

अण्णा 2014 मध्ये गेले. खरं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. समोर बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनाही ते आत्ताच कळतंय, त्यामुळे घरी गेल्यावर काय होईल ते माझं मी बघतो.

त्यानंतर मी बँकेतल्या सवयीप्रमाणे एक वही घातली. बसलो की वेळ लिहायची, उठलो की वेळ लिहायची. तीस दिवसांची बेरीज आली 103 तास. म्हणजे रोजचे साडेतीन तास जवळजवळ. डेबिट बाजू मांडली आणि क्रेडिटला काय लिहावं ते सुचेना. पांढरा घोडा लिहिला.

असं का होतं? मी काही मानसशास्त्राचा पदवीधर नाही, बी.कॉम. आहे. पण नंतर वाचलं. बी. एफ. स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कबुतरांना बटणावर चोच मारायला शिकवलं. अमुक इतक्या टोचींनंतर दाणा, असं ठरलेलं असलं की दाणा मिळाल्यावर कबुतर जरा विसावा घ्यायचं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा केला की ते टोचत राहायचं. पुढं दाणा बंद केला तरी बराच वेळ टोचायचं. आपल्याकडे आकडा लावणाऱ्यांना हे स्किनरशिवाय माहीत होतं. या खेळांतली अचानक उघडणारी पेटी, अचानक मिळणारं बक्षीस हा तोच दाणा. कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात, ते संपले की अर्ध्या तासानं एक जीव भरतो. तो अर्धा तास विश्रांतीसाठी ठेवलाय असं वाटतं. पण बसून पोट भरलं तर माणूस उठतो, अर्धपोटी उठवला तर घुटमळतो. खानावळ चालवणाऱ्याला हे पटणार नाही, पण खेळ चालवणाऱ्याचा धंदा त्यावर आहे.

शेती सुटली आणि मी प्रश्नमंजूषांकडे वळलो. मनात म्हटलं, यात वेळ जात नाही, पाच मिनिटांचं काम. 'तुम्ही मागच्या जन्मी कोण होता?' 'तुमच्यात कोणता राष्ट्रपुरुष दडलाय?' मी लोकमान्य टिळक निघालो. दोन दिवस मान जरा ताठ होती. मग कट्ट्यावर कळलं की बी विंगमधले दोघं आणि तळमजल्यावरचे एक, हेही टिळकच. एका सोसायटीत चार लोकमान्य! आपल्या जनरल बॉडीत एवढा आवाज का असतो त्याचा उलगडा झाला.

याचंही मूळ जुनं आहे. 1948 साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. किती जुळतं त्याला 5 पैकी गुण द्या म्हणाला. सरासरी 4 च्या वर आली. मग त्यानं सांगितलं, सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि मजकूर भविष्याच्या पुस्तकातून घेतला होता. रविवारच्या पुरवणीत आपली रास वाचताना आपण मान डोलावतो ना, तसंच. गोड बोललेलं कुणाला जुळत नाही?

इथपर्यंत हसण्यावारी नेता येईल. पण 2018 मध्ये जे बाहेर आलं ते ऐकून माझ्यातला बँकवाला जागा झाला. फेसबुकवर अलेक्झांडर कोगन या संशोधकानं स्वभाव ओळखण्याची एक प्रश्नमंजूषा टाकली होती. जगभरात सुमारे 2 लाख 70 हजार लोकांनी ती भरली. पण त्या वेळच्या नियमांनुसार भरणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती त्या ॲपला मिळायची. ती केंब्रिज ॲनालिटिका या निवडणुकीचा प्रचार करणाऱ्या कंपनीकडे गेली. फेसबुकनंच आकडा दिला, 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असावी. भारतात ते ॲप घेतलं होतं फक्त 335 जणांनी, आणि झळ पोचली असावी 5 लाख 62 हजारांवर लोकांना. 335 म्हणजे किती? आपले 112 फ्लॅट, घरटी तीन माणसं धरा. एवढ्या लोकांनी गंमत म्हणून उत्तरं दिली आणि एका शहराएवढ्या माणसांची माहिती गेली. पुढे अमेरिकेत 2019 साली फेसबुकला 5 अब्ज डॉलर दंड झाला.

मी आयुष्यभर कर्जाची कागदपत्रं तपासली. जामीनदार राहणारा माणूस निदान शाखेत येतो, कागद वाचतो किंवा वाचल्याचं दाखवतो, सही करतो. इथं मी खेळलो आणि तुम्ही जामीन राहिलात, तेही सही न करता. मी टिळक निघालो तेव्हा कुठलं बटण दाबलं होतं, 'परवानगी द्या' खाली काय लिहिलं होतं, मला आजही आठवत नाही. लोकांना मात्र छत्तीस वर्षं सांगत होतो, वाचल्याशिवाय सही करू नका.

आता घरातली गोष्ट. मागच्या वर्षी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जुन्या आठवणींचा खेळ' आला होता, आठवतोय? पहिली शाळा कोणती, वर्गशिक्षक कोण, लहानपणचं टोपणनाव, आईचं माहेरचं आडनाव, पहिली गाडी. उत्तरं द्या आणि दहा ग्रुपना पाठवा. आपल्या ग्रुपवर 31 जणांनी उत्तरं दिली, त्यांत मीही होतो. उत्तरं देताना डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं. मग रात्री झोपताना लक्षात आलं, फोनवर खातेदाराची खात्री करायला आपण विचारायचो ते प्रश्न यापेक्षा वेगळे नव्हते.

तीन महिन्यांनी आपल्यातल्याच एका सभासदांना फोन आला. त्यांच्या परवानगीनं सांगतोय, नाव घेत नाही. समोरच्यानं त्यांना टोपणनावानं हाक मारली. साठ वर्षांत त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. शाळा बरोबर, गुरुजी बरोबर. "ओळखलं नाहीस ना? मागच्या बाकावर बसायचो." बायको ॲडमिट आहे, 48 हजार कमी पडतायत, संध्याकाळी परत करतो. यांनी पाठवले. पैसे परत आले नाहीत. माहिती त्या खेळातूनच गेली हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मला त्यांच्या पैशांपेक्षा दुसऱ्या गोष्टीचं वाईट वाटलं. ते मला म्हणाले, "पैसे गेले ते गेले हो, पण पाच मिनिटं मला खरंच वाटलं, कुणीतरी शाळेतला भेटला." असं काही झालं तर लाजू नका, लगेच 1930 या नंबरवर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. यांनी लाजेपायी दोन दिवस घालवले.

मुलांनो, तुम्ही हसू नका, तुमचंही सांगतो. आमची नात सहलीला निघाली, तिथं मोबाइल न्यायचा नव्हता. मला म्हणाली, "आजोबा, हा माझा पासवर्ड. रोज या सात जणींना एकेक फोटो पाठवा. कशाचाही चालेल, भिंतीचा पण." स्नॅपचॅटवर दोघींनी रोज एकमेकींना काही पाठवलं की दिवस मोजले जातात, एक दिवस चुकला की आकडा शून्य. तिचे एकीबरोबर 214 दिवस झाले होते. पासवर्ड कुणाला देऊ नका म्हणून ज्यानं जन्मभर घसा कोरडा केला, तो तीन दिवस भिंतीचे फोटो पाठवत होता. पहिल्या दिवशी मी तिला नाही म्हणालो होतो. तिचा चेहरा बघितला आणि मला रात्री तीनचा गजर आठवला. मग ओरडायची हिंमत झाली नाही. परत आल्यावर तिला अण्णांची गोष्ट मात्र सांगितली, थोडी कमी करून.

सगळेच खेळ वाईट असं मी म्हणणार नाही. लॉकडाऊनमध्ये आमची धाकटी बहीण सांगलीत एकटी अडकली होती, ती रोज संध्याकाळी दुबईतल्या मुलीबरोबर मोबाइलवर ल्युडो खेळायची. त्या खेळानं तिला सावरलं. पण ल्युडो संपतो. पत्ते संपतात, बुद्धिबळ संपतं, हरलेला चिडून उठतो आणि जेवायला जातो. शेतीचा तो खेळ संपतच नव्हता. शेवटी कंपनीनंच संपवला. ज्या फ्लॅशवर फार्मव्हिल चालायचं त्याचा आधार बंद झाला आणि 31 डिसेंबर 2020 ला खेळ बंद झाला. लोकांनी वर्षानुवर्षं राखलेली शेतं एका रात्रीत गेली. जाणारच, सातबारा त्यांच्या नावावर कधी नव्हताच. माझ्या खेळाचं काय झालं मी बघितलं नाही. पांढरा घोडा कुठं असेल कुणास ठाऊक.

कोरेगावचं रान आता पुतण्या बघतो. ऑक्टोबरात मी चार दिवस जातो आणि बांधावर बसतो. उपयोग काही होत नाही माझा, पुतण्यानं यंत्र लावलंय. पण ताडपत्रीचं एक टोक अजून धरता येतं.

वेळ झाली, सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवतायत. एकच सूचना आहे. या क्लबहाऊसमधल्या कॅरमच्या दोन काळ्या सोंगट्या आणि स्ट्रायकर गणपतीपासून हरवलाय. कोणाच्या घरी गेल्या असतील तर ऑफिसात आणून द्या, नाव विचारणार नाही. बोरिक पावडर मी आणलेली आहे.