उचल आणि सीटीसी



डीएसपी म्हटलं की आपल्याकडे पोलिसातले साहेब आठवतात. आपल्या बीड जिल्ह्यातल्या या दिंद्रुडला तर ठाणंच आहे, त्यामुळे खुलासा केलेला बरा. मघाशी माईकने शिट्टी मारली आणि मंडपवाल्याने घाईने बटण मागे फिरवलं. कर्ण्यातला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, म्हणून ती शिट्टी. भारी यंत्रात चिपच तेवढा सूर हुडकून छाटते. या छाटणीचं गणित म्हणजे माझं डीएसपी, डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग.

संयोजक म्हणाले, पगाराचा आकडा सांगा. नाही सांगणार, वर्षभरात शिळा होतो. भाव कुठे चढतो ते सांगतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या चिपच्या कंपनीने १९८५ साली बंगळुरूत केंद्र काढलं. पुढे तिथे या कामाच्या कंपन्या वाढत गेल्या. एका फाटकातून बाहेर पडलेल्याला दुसरं फाटक समोरच दिसतं, म्हणून तिथे मालक जपून बोलतो. पुण्यात गाड्यांचा धंदा आहे, सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था आहे, आणि जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. बीडमध्ये असं फाटक नाही. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

जाहिरातीत डीएसपी हा शब्द क्वचितच सापडेल. ऑडिओ, मॉडेम, रडार, एम्बेडेड असं लिहिलेलं असतं. तिथे अर्ज करा. ऑफर हातात आली की सीटीसीला, म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्याला, भुलू नका. मूळ पगाराच्या १२ टक्के मालकाचा पीएफ आणि बहुधा ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी त्यातच धरलेली असते. हातात किती, खोलीभाडं किती, एवढंच विचारा.

आणि बाँड. माझ्या पहिल्या कंपनीने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला, वर मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. इथला ऊसतोडीचा मुकादम मजुरांना कोयत्याला बांधतो तेव्हा निदान उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तरी देतो. मला तीही मिळाली नाही. मूळ कागद कुणालाही देऊ नका.

मुलाखतीत व्याख्या कुणी विचारत नाही. १,०२४ नमुन्यांचं फूरिये रूपांतर, म्हणजे त्यातले सूर वेगळे काढणं, सरळ केलं तर साडेदहा लाखांच्या घरात गुणाकार. कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या रीतीने ५,१२०. हे पाठ असून भागत नाही. छोट्या चिपवर, अपूर्णांकाची सोय नसताना, ते चालवून दाखवावं लागतं.

हे गणित आता आपल्या जवळही येतंय. परभणी ओलांडली की हिंगोली. तिथे औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार किलोमीटर लांब भुजांची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. गोंगाटात बुडालेली गुरुत्वीय लहर गाळून कशी काढायची, याचं गणित पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं. हिंगोलीत नोकऱ्यांची रांग लागेल असं मी म्हणणार नाही. जागा मोजक्या, शिक्षण लांबलचक. तरी हे काम मराठवाड्यात होणार आहे, हे दहावीच्या पोरींना माहीत असायला हवं.

शेवटी शिक्षकांना विनंती. कॉलेजातली डीएसपीची किटं खराब होतील म्हणून कपाटात कुलूपबंद असतात. जळालं एखादं तर जळू द्या. सोमवारी चावी मुलांकडे द्या.