आवड आणि दर्जा : चित्रपटाला गुण देताना



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान जनवाड्याच्या या शाळेने मला दिला, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. गुण देणे हे शिक्षकाचे नित्याचे काम. गणिताची उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी तपासली तर गुण बहुधा सारखेच पडतात. निबंध दोघांनी तपासला तर फरक पडतो. चित्रपटाला गुण देणे हे निबंध तपासण्याहूनही बिकट, आणि तरीही ते काम आपण सारेच करतो. वर्तमानपत्रात चित्रपटाच्या नावापुढे तीन तारे, साडेतीन तारे छापलेले असतात. त्या ताऱ्यांत चित्रपटाचा वाटा किती आणि तारे देणाऱ्याच्या आवडीचा वाटा किती, हा माझा आजचा विषय आहे.

आकडा छापला गेला की तो निर्णयासारखा दिसू लागतो. लंडनहून निघणारे ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी मागवते. १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ पहिला आला. २०१२ मध्ये त्याची जागा हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने घेतली. २०२२ मध्ये शान्ताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा, एका गृहिणीचे तीन दिवस संथपणे दाखवणारा १९७५ चा चित्रपट पहिला ठरला. दहा वर्षांपूर्वी तो पहिल्या पंचविसांतही नव्हता. मधल्या काळात त्या चित्रपटातील एकही दृश्य बदललेले नव्हते. मत देणारे मात्र साडेआठशेंच्या आसपास होते ते सोळाशेंवर गेले, त्यांत नव्या वयाची आणि नव्या अनुभवाची माणसे आली, आणि क्रम पालटला.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या कर्नाटकातील ‘संस्कार’ हा १९७० चा कन्नड चित्रपट घ्या. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कादंबरीवरील या चित्रपटाला सेन्सॉर मंडळाने प्रथम परवानगीच नाकारली होती. पुढे त्याच चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. दोन्हीकडे जाणती माणसे बसली होती. त्यांच्यापुढे पडदा एकच होता. मनात बाळगलेल्या अपेक्षा निरनिराळ्या होत्या.

आवड घडते कशी? तिचा पहिला उगम संस्कारात. माझे बालपण याच सीमाभागात, वारकरी वळणाच्या घरात गेले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा १९३६ चा, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट मी पाहतो, तेव्हा विष्णुपंत पागनीसांच्या मुखातून अभंग निघण्यापूर्वीच माझे मन निम्मे वश झालेले असते. ते निम्मे गुण माझ्या घरातील टाळमृदंगाचे. परंतु १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, तेव्हा तेथील परीक्षकांच्या घरी कोणी हरिपाठ म्हणत नव्हते. त्यांना भिडला असेल तो संसाराचा गाडा ओढणाऱ्या जिजाईचा खरेपणा, आणि चमत्कारांनाही घरगुती करून टाकणारी साधी मांडणी. माझ्या भक्तीचे गुण वजा केल्यावरही त्या चित्रपटाच्या पदरी पुष्कळ उरते, हे मला त्या परक्या परीक्षकांमुळे नीट उमगते.

दुसरा उगम आपल्या जीवनातील स्थानात. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ या १९८२ च्या चित्रपटात स्मिता पाटील यांची सुलभा मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाचे काम पत्करते. हा चित्रपट एखादी सासू आणि एखादी नोकरी करणारी सून शेजारी बसून पाहतील, तर एकीला त्यात घर सोडल्याचा अपराध दिसेल आणि दुसरीला स्वत्वाचा शोध. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चे २०१६ मध्ये असेच झाले. तरुण मुले गाण्यांवर नाचली. शेवट पाहून अनेक प्रेक्षक सुन्न झाले. ज्याने गावात जातीची भिंत स्वतः अनुभवली आहे, त्याला तो शेवट पहिल्या दृश्यापासूनच जवळ येताना दिसतो. मग त्याने दिलेले गुण आणि केवळ प्रेमकथा पाहायला आलेल्याने दिलेले गुण एकाच मापाचे कसे मानावेत?

तिसरा उगम भाषेचा, आणि तो आपणा सीमावासीयांना फार जवळचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून मराठी चित्रपट आपल्याकडे केवळ करमणूक म्हणून आला नाही, माहेरचा माणूस म्हणून आला. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, हे सांगताना आपला ऊर भरून येतो. तो अभिमान योग्यच आहे. पण तो गुण आपला, चित्रपटाचा नव्हे. ‘सैराट’ची कथा ‘मनसु मल्लिगे’ या नावाने २०१७ मध्ये कन्नडमध्ये आली आणि नायिका तीच रिंकू राजगुरू होती. दोन्ही भाषा जाणणाऱ्या येथील विद्यार्थ्याने हे दोन्ही चित्रपट पाहावेत आणि आपण कोणता गुण कलेला दिला, कोणता मायबोलीला, याचा हिशेब स्वतःशी मांडावा. असा हिशेब करण्याची सोय मुंबई-पुण्याच्या एकभाषी प्रेक्षकाला नाही. सीमेने ती आपल्याला दिली आहे.

मग चित्रपटाची पारख शक्यच नाही काय? प्रत्येकाची आवड निराळी, म्हणून सर्व मते सारखी, असे म्हणून मोकळे होता येते. पण मग शिकवायला आणि शिकायला काही उरत नाही. या प्रश्नाचे उत्तर भरतमुनींनी नाट्यशास्त्रात दिले आहे. तरुणांना शृंगार रुचतो, शूरांना युद्ध, वृद्धांना धर्माख्याने आणि पुराणे, विरक्तांना मोक्षाची कथा, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे. आदर्श प्रेक्षकाचे सारे गुण एकाच माणसात सापडत नाहीत, हेही ते मान्य करतात. म्हणून त्यांनी निवाड्यासाठी दहा प्राश्निक सांगितले. अभिनयाचा निवाडा नर्तकाने करावा, स्वरांचा गायकाने, वेशभूषेचा चित्रकाराने, वृत्तांचा छंद जाणणाऱ्याने, अंगसौष्ठवाचा धनुर्धराने. राजाबरोबर गणिकाही त्या दहांत आहे, कारण शृंगारातील उपचार तिला कळतात. आवड पुसून टाका, असे भरतमुनी कोठेही म्हणत नाहीत. ज्याला जे कळते त्याचेच मत त्याला विचारा, एवढेच ते सांगतात.

हे विसरल्यामुळे अन्याय होतो. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये आला. वगनाट्यातून आलेल्या त्यांच्या द्व्यर्थी विनोदाला अनेक सुशिक्षितांनी नाके मुरडली. गिरणगावातील आणि खेड्यापाड्यातील प्रेक्षकांनी त्यांचे चित्रपट रौप्यमहोत्सवापर्यंत नेले. तो विनोद न आवडण्याचा अधिकार कोणालाही आहे, आणि त्यातील स्त्रीकडे पाहण्याच्या दृष्टीवर आक्षेपही जरूर घ्यावा. परंतु वगातील हजरजबाबीपणा, वेळेवर शब्द टाकण्याचे कसब यांची पारख ज्याने कधी तमाशाचा फड पाहिलाच नाही, त्याने कशी करावी? लेखणी ज्याच्या हाती, त्याची आवड ‘दर्जा’ या नावाने वावरते. बाकीच्यांची आवड नुसतीच आवड राहते. आपल्या गावातला मुलगा शहरातील महाविद्यालयात जातो आणि काय आवडते हे सांगायला लाजू लागतो, त्याचे मूळ येथे आहे. ती लाज केवळ चित्रपटापुरती राहत नाही. आईची बोली, घरातील गाणी, जत्रेतील खेळ यांच्यावरही ती हळूहळू पसरते.

म्हणून विद्यार्थी मित्रांना मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, एकच आकडा देऊ नका. कथा, अभिनय, छायाचित्रण, संगीत आणि संकलन यांना वेगवेगळे गुण द्या. एकाची भुरळ दुसऱ्यावर पडणार नाही. दुसरी, ‘मला आवडला’ आणि ‘चांगला आहे’ ही दोन वाक्ये वेगळी लिहा. चांगला असूनही न आवडणारा आणि सामान्य असूनही मनात घर करणारा, असे दोन्ही चित्रपट प्रत्येकाच्या आयुष्यात असतात. त्यात खोटे काही नाही. तिसरी, आपल्या मताला कारण द्या, आणि ते पडद्यावर बोट ठेवून दाखवता येईल असे असू द्या. कारण दिले की समोरच्याला उत्तर देता येते, आणि दोन आवडींमध्ये बोलणे सुरू होते.

आपल्या या भागात एका गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू ऐकू येते. इतक्या निरनिराळ्या आवडी शेजारी नांदत असताना कोणा एकाच्या आवडीला सर्वांचा दर्जा ठरवू देणे आपल्याला परवडणारे नाही. या शाळेतील मुलांनी आपली आवड मोकळेपणाने सांगावी, तिची कारणे द्यावीत आणि दुसऱ्याची कारणे मन लावून ऐकावीत, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.