बून दांपत्याची वंशावळ



अमेरिकेच्या जंगलसीमेवरचा शिकारी डॅनियल बून तिकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. त्याची बायको रिबेका मात्र फारशी कोणाच्या तोंडी नसते. म्हणून आज आम्ही डॅनियलची बंदूक खुंटीला ठेवून या जोडप्याच्या वंशावळीचे पान उघडणार आहोत.

डॅनियलचा जन्म पेनसिल्व्हेनियातला, १७३४ सालचा. तारीख कुठे २२ ऑक्टोबर सापडते, कुठे २ नोव्हेंबर. आणि गंमत अशी की दोन्ही खऱ्या. १७५२ साली इंग्रजी मुलुखात पंचांग बदलले आणि ११ दिवस गळाले. बूनसाहेब मात्र जुनीच तारीख धरून बसले!

रिबेका ब्रायनशी त्याचे लग्न १४ ऑगस्ट १७५६ रोजी, उत्तर कॅरोलिनात यॅडकिन नदीच्या खोऱ्यात झाले. मुलगी १७ वर्षांची. १७५७ ते १७८१ या काळात तिला १० अपत्ये झाली. एक तान्हेपणीच गेले. नवरा शिकारीला निघाला की महिनोन्महिने पत्ता नाही. १७६९ साली गेला तो दोन वर्षांनी उगवला. शेत, गुरे, पोरे, सारे तिच्या माथी.

अशा घराविषयी लोक बोलणारच. डॅनियल दूर असताना एक मुलगी झाली, ती त्याच्या भावाची, अशी एक कथा सांगतात. बहुधा १७६२ साली जन्मलेल्या जेमायमाचे नाव घेतात. पण सांगणारा बदलला की भाऊ बदलतो, कधी मुलगीही बदलते. अशा साक्षीवर आम्ही कोणाच्या लेकीचे नाव पुसणार नाही. जुलै १७७६ मध्ये हीच जेमायमा होडीतून पळवली गेली, तेव्हा डॅनियलने माग काढून तिसऱ्या दिवशी तिला सोडवून आणले. पुढे १७७८ साली तो स्वतः शॉनी लोकांच्या कैदेत पडला. तो मेला असे समजून रिबेका बाकीची मुले घेऊन कॅरोलिनात परतली. जेमायमा किल्ल्यातच राहिली. बाप आला तेव्हा ती तिथे होती. यापुढे रक्ताचा पुरावा कोणाला हवा असेल त्याने तो खुशाल शोधावा.

या घराची बरीच माहिती धाकट्या नेथनने १८५१ साली लायमन ड्रेपर या संग्राहकाला सांगितली. पण नेथन जन्मला १७८१ साली; थोरल्या जेम्सला त्याने पाहिलेच नव्हते. १० ऑक्टोबर १७७३ च्या पहाटे केंटकीच्या वाटेवर जेम्स मारला गेला, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. सामान घेऊन येणारी त्याची छोटी टोळी मुख्य तांड्याच्या मागे राहिली होती. रिबेकाने प्रेते गुंडाळायला आपल्या घरातली सुताडी चादर पाठवली.

जेम्सचा अंत कसा झाला, हे कळले कोणाकडून? टोळीत ॲडम नावाचा एक काळा गुलाम होता. ओढ्याकाठी वाहून आलेल्या लाकडांच्या ढिगात लपून त्याने सारे पाहिले. मग रानातून वाट काढीत तो परतला आणि त्याने सांगितले. बूनच्या स्वतःच्या घरीही पुढे गुलाम होते. बून घराण्याच्या वंशवृक्षात पिढ्यान् पिढ्यांची नावे तारीखवार लावलेली आहेत. ॲडमला मात्र आडनावही नाही.