वजनं कुणी ठरवली?



मे १९८६ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. अणुभट्ट्यांतला, हजारो वर्षं किरणोत्सारी राहणारा कचरा जमिनीच्या पोटात कुठं पुरायचा, हा प्रश्न होता. जागा पाच होत्या: नेवाडातला युक्का माउंटन, मिसिसिपीतला रिचटन डोम, टेक्ससमधली डेफ स्मिथ काउंटी, युटातलं डेव्हिस कॅन्यन आणि वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड. त्यांतल्या तीन निवडून तिथं सखोल तपासणी करायची, असं १९८२चा कायदा सांगत होता. आधीची क्रमवारी टीकेनं पार झोडपली गेली होती. म्हणून खात्यानं राल्फ कीनी आणि ली मर्खोफर या निर्णयशास्त्रातल्या जाणकारांची मदत घेतली.

त्यांनी प्रश्नाचे तुकडे पाडले. कामगारांच्या जिवाला धोका किती, वाहतुकीत अपघात किती, निसर्गाची आणि प्राचीन अवशेषांची हानी किती, खर्च किती. प्रत्येक जागेला प्रत्येक निकषावर तज्ज्ञांनी गुण दिले. कोणत्या निकषाला किती वजन द्यायचं, हे मात्र खात्यातल्या मोजक्या वरिष्ठांनी ठरवलं. बेरीज झाली. युक्का पहिला, रिचटन दुसरा, डेफ स्मिथ तिसरी, डेव्हिस कॅन्यन चौथं, हॅनफर्ड शेवटचं.

आणि खात्यानं निवडले कोण? पहिला, तिसरी आणि पाचवं!

कारण अगदीच पोकळ नव्हतं. मधल्या तिन्ही जागा मिठातल्या. उद्या मीठच कुचकामी ठरलं तर? म्हणून वेगवेगळे खडक हवेत, असा युक्तिवाद झाला. हॅनफर्डचा खडक बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. पण खडकांची विविधता ही बाब गुणतक्त्यात नव्हती. ती बेरजेच्या नंतर आली. विरोधकांच्या हाती खात्याचाच कागद पडला. अनेकांना यात पद्धतीचं अपयश दिसतं. मला उलट वाटतं. आकडेमोड कागदावर होती, म्हणूनच ती डावलल्याचं कुणालाही दाखवता आलं. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं बाकीच्या दोन जागा कायद्यानंच वगळल्या आणि एकटा युक्का ठेवला. नेवाडाच्या लोकांना यात कुठलं वजन किती, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. ते दशकानुदशकं भांडत राहिले. कचरा अजून तिथं गेलेला नाही.

आज अशी आकडेमोड संगणक करतो. माझ्या मते त्याचं खरं काम इतकंच आहे: ‘काय आहे’ आणि ‘आपल्याला काय हवं’ हे दोन रकाने वेगळे ठेवणं. पहिल्यात भूवैज्ञानिकाचा शब्द चालतो. दुसऱ्यात तो तुमच्यामाझ्यासारखा एक नागरिक.

थॉमस साटी या गणितज्ञानं १९७०च्या दशकात दुसऱ्या रकान्यासाठी एक युक्ती काढली. निकष दोन-दोन समोर ठेवायचे आणि यातला कोणता किती पट महत्त्वाचा, ते १ ते ९च्या मापात सांगायचं. आठ निकष असतील तर जोड्या २८. तुम्ही मघाशी एक आणि आता दुसरं बोललात, तर प्रोग्रॅम तुमची विसंगती दाखवतो. (हे यंत्र काही घरांत जेवणाच्या टेबलावर हवं.) पण ‘किती पट महत्त्वाचं’ हा प्रश्नच निसरडा आहे.

समजा, तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास आहे. तीन बिल्डरांची टेंडरं आली. बांधकाम होईपर्यंत बिल्डर देणार ते भाडं महत्त्वाचं, की प्रत्येक सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम, म्हणजे कॉर्पस? सभेत विचारा, ‘भाडं!’ असा एका सुरात आवाज येईल, कारण तीन वर्षं बाहेर काढायची आहेत. आता टेंडरं उघडा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी भाड्यात फरक महिन्याला हजार रुपयांचा. तीन वर्षांत ३६,००० रुपये. कॉर्पसमधला फरक चार लाखांचा. प्रोग्रॅम मात्र सर्वांत चांगल्या भाड्याला १०० आणि सर्वांत कमी भाड्याला ० गुण देतो, आणि ते हजार रुपये चार लाखांच्या तोडीस तोड उभे राहतात. म्हणून प्रश्न असा विचारावा: सर्वांत वाईट देकारापासून सर्वांत चांगल्यापर्यंतची कोणती उडी तुम्हाला सर्वांत जास्त हवी?

आणि सरासरीवर फार विसंबू नका. निवृत्त सभासदांना बँक गॅरंटी हवी, तरुण कुटुंबांना जादा कार्पेट एरिया. दोघांची सरासरी काढली, की उरतं ते कुणाचंच मत नसतं. ती दरी पडद्यावर दिसू द्या, म्हणजे बोलायचं कशावर ते कळेल. वजनं मात्र प्रत्येकाकडून आधी, लेखी आणि नाव न लिहिता घ्यावीत. अॅरिझोना विद्यापीठात १९८०च्या दशकात अशाच निनावी बैठकांसाठी संगणकांच्या खोल्या उभ्या केल्या होत्या. साहेबासमोर माणसं गप्प बसतात, हे तिथंही ठाऊक होतं. आपल्याकडे साध्या चिठ्ठ्याही चालतील, फक्त सेक्रेटरींनी आपली पसंती आधी बोलून दाखवू नये.

बेरीज झाल्यावर पीएमसीला, म्हणजे सोसायटीच्या प्रकल्प सल्लागाराला सांगा, एकेक वजन थोडं वरखाली करून दाखवा. तेवढ्यानं पहिला आणि दुसरा जागा बदलत असतील, तर ते दोघे सारखेच आहेत असं समजावं, दशांशातला फरक विसरावा आणि दोघांनाही सभेत प्रत्यक्ष बोलवावं.